‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिलं, आणि अकरा जणांसमोर चूक निघाली

पत्राचा गोषवारा: वय ४१. नाशिकजवळच्या एका कारखान्यात डिस्पॅच विभागात १४ वर्षं नोकरी. शिक्षण मराठी माध्यमातून, इंग्रजी पाचवीपासून. गेल्या महिन्यात जर्मनीतल्या ग्राहकासाठी मेलचा मसुदा तयार केला आणि विभागात सगळ्यांना दाखवायला पाठवला. शेवटचं वाक्य होतं, ‘वी आर लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू इन नोव्हेंबर.’ वयाने बराच लहान असलेल्या एका सहकाऱ्याने रिप्लाय ऑल करून लिहिलं, ‘मीटिंग, नॉट मीट. प्लीज चेक बिफोर सेंडिंग.’ तो मेल अकरा जणांनी वाचला. घरी सातवीतली मुलगी म्हणाली, “आई, एवढं पण माहीत नाही?” तेव्हापासून बाई प्रत्येक मेल आधी एआयकडून लिहून घेतात, तरीही पाठवायचं बटण दाबताना हात थांबतो. जानेवारीत टीम लीडरची जागा मिळू शकते, पण त्यात परदेशी ग्राहकांशी थेट पत्रव्यवहार आहे, म्हणून नकार द्यावा असं वाटतं. त्या विचारतात: शाळेत तर घोकून घेतलं होतं की ‘टू’नंतर क्रियापदाचं मूळ रूप, मग मी चुकले कुठे? असे अजून किती नियम मला माहीत नसतील? आणि ही जागा मी घ्यावी का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोबत जोडलेले मेलही वाचले, सहाच्या सहा. आधी कामाचं बोलते, मनाला लागलेलं मग.

तिथे ‘मीटिंग’च हवं. सहकाऱ्याचं बरोबर, लेकीचंही बरोबर. पण असं का, हा प्रश्न त्या दोघांना कधी पडला असेल असं वाटत नाही. त्यांना ‘मीटिंग’ येतं ते कानावर पडून पडून. तुम्हाला कारण हवंय, आणि बाईंनी शिकवलेला नियम खोटा होता का हेही कळायला हवंय. नियम खरा होता. तो तुम्ही नको त्या ‘टू’ला लावलात, एवढंच.

इंग्रजीत ‘टू’ नावाचे दोन गडी आहेत. दिसायला हुबेहूब, कामं वेगळी. एक क्रियापदाच्या अगोदर येतो: ‘आय वॉन्ट टू मीट’. आपल्याकडे हे काम शेपटाकडून होतं, भेटायला, भेटायचंय. बाईंनी घोकून घेतला तो हा. दुसरा तुम्ही शाळेपासून रजेच्या अर्जाच्या डोक्यावर लिहीत आलात: ‘टू, द हेडमास्टर’. त्याच्या जागी मराठी अर्जात आपण ‘प्रति’ लिहितो. हा आपल्या ‘कडे’, ‘प्रति’ या शब्दयोगी अव्ययांच्या जातीचा. त्याला नाम लागतं. नुसतं क्रियापद त्याला चालत नाही.

‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ हा दुसरा आहे. आणि गंमत अशी की याला अगदी जवळचा वाक्प्रचार आपल्याकडे आहे: एखाद्या गोष्टीकडे डोळे लावून बसणे. शेतकरी मृगाकडे डोळे लावून बसतो. पोरं सुट्टीकडे. आता तिथे क्रियापद घालून बघा. ‘तुम्हाला भेटायलाकडे डोळे लावून बसलोय’ असं तुम्ही मेल्या तरी म्हणणार नाही. तुम्ही म्हणाल ‘भेटण्याकडे’. म्हणजे ‘भेटणे’चं नाम करता, त्याचं सामान्यरूप करता आणि मग ‘कडे’ जोडता. हे करताना व्याकरण आठवावं लागत नाही. इंग्रजी माणूस ‘टू’च्या पुढे ‘मीट’चं ‘मीटिंग’ करतो ते याच गरजेपोटी.

‘इंग’ लावलं की क्रियापदाचं नाम होतं, हेही तुम्हाला नव्याने शिकायचं नाही. तुम्ही डिस्पॅचमध्ये आहात. दिवसभर काय बोलता? लोडिंग झालं का, पॅकिंग कुणी केलं, बिलिंग अडलंय, बाहेर पार्किंगला जागा नाही. हे सगळे शब्द आपण नामं म्हणूनच उचलले. ‘मी ट्रक लोडिंगतो’ असं अजून तरी कुणी म्हणत नाही. ‘मीटिंग’ने मात्र तुमचा घात केला असावा, कारण आपल्याकडे मीटिंग म्हणजे बैठक, चहा आणि दोन बिस्किटं. ‘मीटिंग यू’ हे कानाला विचित्रच लागतं. म्हणून पहिले काही दिवस ‘मीटिंग’ बाजूला ठेवा आणि ‘सीइंग’ वापरा. आधी भेट झालेली असेल तर तेच जास्त शोभतं.

माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे तुमचा जीव थोडा खाली बसेल. पहिल्या नोकरीच्या अर्जात मला लिहायचं होतं की मला कष्टाची सवय आहे. लिहिलं काय, तर ‘आय यूज्ड टू वर्क हार्ड’. याचा अर्थ, मी पूर्वी खूप कष्ट करायचे. आता करत नाही, असं त्यातून आपोआप निघतं. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी अर्ज खाली ठेवून विचारलं, “मग सोडलं कधी?” मला प्रश्नच कळला नाही. नोकरी मिळाली, पण विनोद मला कळला तो दोन वर्षांनी, बसमध्ये उभी असताना. ‘आय ॲम यूज्ड टू वर्किंग हार्ड’ असं हवं होतं. पुन्हा तेच दोन गडी. ‘यूज्ड टू वर्क’मध्ये पहिला ‘टू’, ‘ॲम यूज्ड टू वर्किंग’मध्ये दुसरा.

आता ओळखायचं कसं? मी वर्गात ‘दिवाळी लावून बघा’ म्हणायचे. ‘टू’च्या पुढचं सगळं झाका आणि तिथे नुसती ‘दिवाळी’ ठेवा. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’, बसलं. म्हणजे तिथे नाम चालतं, म्हणून क्रियापद आणायचं तर ‘इंग’ लावूनच. ‘आय ॲम यूज्ड टू दिवाळी’, जरा वैतागलेल्या सुनेचं वाक्य वाटेल, पण बसलं. ‘आय वॉन्ट टू दिवाळी’, नाही बसत. तिथे मूळ रूप. ‘वी ऑब्जेक्ट टू दिवाळी’, शेजाऱ्यांची तक्रार, पण व्याकरण शुद्ध. म्हणून ‘वी ऑब्जेक्ट टू पेइंग’ लिहायचं, ‘टू पे’ नाही. ‘इन ॲडिशन टू’चंही तसंच.

ही चाचणी बिनचूक नाही, आधीच सांगून ठेवते. ‘अग्री टू’ दोन्ही गड्यांना कामाला ठेवतो. ‘वी अग्री टू युवर टर्म्स’ही बरोबर आणि ‘वी अग्री टू सप्लाय’ही बरोबर. ‘गोइंग टू नाशिक’ आणि ‘गोइंग टू मीट’चंही तेच. असे चार-दोन हट्टी शब्द सोडले तर दिवाळी बहुतेक ठिकाणी तारून नेते.

आणि घाई असेल तर सरळ वाट बदला. क्रियापद आणूच नका. ‘लुकिंग फॉरवर्ड टू युवर रिप्लाय.’ ‘टू युवर व्हिजिट.’ ‘टू अवर कॉल ऑन मंडे.’ यात चुकायला जागाच नाही. याला पळवाट म्हणायचं असेल तर म्हणा, मी स्वतः निम्म्या वेळा हेच लिहिते.

तुमच्या मेलांकडे येते. सहापैकी चार मेलांची सुरुवात ‘थँक यू फॉर सेंडिंग’ किंवा ‘फॉर कन्फर्मिंग’ अशी आहे. ‘फॉर सेंड’ तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. म्हणजे अशा शब्दानंतर ‘इंग’ येतं हे तुमच्या हाताला माहीत आहे. ‘फॉर’ नेहमी एकाच जातीचा असतो म्हणून तो तुम्हाला फसवत नाही, ‘टू’ दुहेरी आहे म्हणून फसवतो. मला इंग्रजी येत नाही, असं तुम्ही पत्रात तीन वेळा लिहिलंय. ज्याला येत नाही त्याचं ‘फॉर’ही चुकतं.

दुसऱ्या मेलात ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर अप्रूव्हल’ आहे. हे मराठी कानाला गोड लागतं, मंजुरीसाठी थांबलोय म्हणून ‘फॉर’. पण डोळे ‘कडे’ लावायचे असतात, ‘साठी’ नाही. ‘फॉर’ हवा असेल तर ‘वेटिंग’ घ्या: ‘वेटिंग फॉर युवर अप्रूव्हल’.

खरी अडचण चौथ्या मेलात आहे, आणि ती तुमच्या सहकाऱ्याच्या नजरेतून सुटली. माल उशिरा पोचला होता, ग्राहक दंड लावणार होता, आणि तुम्ही लिहिलंत, ‘वी आर लुकिंग फॉरवर्ड टू युवर डिसिजन ऑन पेनल्टी’. व्याकरण चोख आहे. ‘टू’नंतर नामच आहे. पण वाचणाऱ्याला काय कळलं असेल? दंड किती लावताय याची आम्हाला मोठी उत्सुकता आहे! आपलं ‘वाट पाहणे’ मोठ्या मनाचं आहे. एसटीची वाट पाहतो, निकालाची पाहतो, लग्नाची पाहतो, कर्जवसुलीवाल्या माणसाचीही धास्तावून वाट पाहतो. ‘लुक फॉरवर्ड’मध्ये फक्त आनंदाने वाट पाहणं येतं. दंड, तक्रार, ऑपरेशन, आजारपणाची रजा असल्या गोष्टींजवळ ते फिरकू देऊ नका. तिथे ‘प्लीज लेट अस नो युवर डिसिजन’ पुरे. ‘मीट’ आणि ‘मीटिंग’चा घोळ ग्राहकाच्या लक्षातही आला नसता. दंडाच्या वाक्याने कदाचित त्याची भुवई वर गेली असेल. पण उगाच घाबरू नका, माल तर ते अजून घेतायत.

एक बारीक गोष्ट, पटकन सांगते. ‘वी लुक फॉरवर्ड’ आणि ‘वी आर लुकिंग फॉरवर्ड’ दोन्ही बरोबर. पहिलं थोडं इस्त्रीचं, पहिल्यांदा लिहिताना किंवा करारमदारात शोभतं. दुसरं ओळखीच्या माणसाला. नुसतं ‘लुकिंग फॉरवर्ड’ घरचं, रोजच्या मेलात चालतं. ‘वी आर लुक फॉरवर्ड’ मात्र कधीच नाही.

आता मराठी माध्यमाचं. तुमच्या पत्रात एक वाक्य असं आहे की मराठी माध्यमातल्या बाईच्या वाट्याला हे येणारच. इथे मी तुम्हाला अडवते. तुमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं. राज्यातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली, तोवर तुम्ही वरच्या वर्गांत पोचला होतात. म्हणजे सुरुवात उशिरा झाली, हे खरं. पण ही विशिष्ट चूक माध्यम पाहून होत नाही. तुमचा ग्राहक जर्मन आहे ना? जर्मन माणूस इंग्रजी लिहायला लागला की ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’ हमखास लिहितो. त्याच्या भाषेत अशा वाक्यात ‘त्सू’ येतो आणि त्याच्यापुढे क्रियापद मूळ रूपातच राहतं, म्हणून तो तेच इंग्रजीत उतरवतो. डच माणसाचंही तसंच. तुमचा मेल वाचणाऱ्याने ही चूक स्वतः केलेली असण्याची शक्यता चांगलीच आहे.

आणि त्या सहकाऱ्याचा मेल तुम्ही चिकटवलाय. तो शुद्ध इंग्रजी माध्यमातला, असं तुम्ही लिहिलंत. त्याच्या त्याच मेलात तिसऱ्या ओळीत ‘लेट अस डिस्कस अबाउट धिस’ आहे. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. ‘डिस्कस धिस’, बस्स.

थांबा. हे आता रिप्लाय ऑल करून त्याला दाखवायचा मोह तुम्हाला होईल. मलाच वाचताना झाला. दोन मिनिटं फार बरं वाटेल, नंतर विभागात रोज सकाळी व्याकरणाची कुस्ती. गप्प बसणं हाही मार्ग आहे, पण तुम्ही महिनाभर गप्प बसूनच हे पत्र लिहिलंय, म्हणजे तो तुम्हाला मानवलेला नाही. मी असं करेन: चहाच्या वेळी त्याला एकट्याला गाठून सांगेन, “तुझं बरोबर होतं, मी बदललं. पण पुढच्या वेळी मला वेगळं सांग, अकरा जणांत नको.” एवढंच, आवाज न चढवता. ‘अबाउट’चं त्या दिवशी बोलायचं नाही. तो तुम्हाला मॅडम म्हणतो, असं पत्रात आहे. तेवढी लाज त्याला असेल. नसेल, तर मग साहेबांशी बोला, तेही व्याकरणावरून नाही, पद्धतीवरून.

लेकीची गोष्ट वेगळी. ती सातवीत आहे, आईची चूक सापडल्याचा आनंद तिला होणारच. तो घेऊ द्या. फक्त तिचं एक वाक्य तुम्ही पत्रात दिलंय, “मी शिकवते तुला, पण मग तू माझी मदत कर प्रोजेक्टला.” ‘माझी मदत कर’ हे हिंदीतून आलंय, मराठीत ‘मला मदत कर’. म्हणजे तुमच्या इंग्रजीत मराठी घुसतं, तिच्या मराठीत हिंदी घुसतं. संध्याकाळी दहा मिनिटं एकमेकींचं तपासायला बसा. तिला तुमचं इंग्रजी सापडेल, तुम्हाला तिचं मराठी. मला वाटतं दोघींची करमणूक होईल.

एआयचं म्हणाल तर मी विरोधात नाही, पण तुम्ही त्याला उलट्या टोकाने धरलंय. आधी तो लिहितो, मग तुम्ही वाचता. त्यामुळे तुमच्या शेवटच्या दोन मेलांतून तुम्हीच गायब झाल्या आहात. पहिल्या चारांत ‘द बॉक्सेस आर ड्राय, आय चेक्ड मायसेल्फ’ असं साधं, भरवशाचं वाक्य होतं. एखाद्या ग्राहकाला याहून जास्त काय हवं? शेवटच्या दोनांत शुभेच्छांचा पाऊस आहे आणि पेट्या कोरड्या आहेत की ओल्या याचा पत्ता नाही. तर आधी तुम्ही लिहा, जमेल तसं. मग त्याला मराठीत सांगा: वाक्यं बदलू नकोस, चूक असेल तिथे खूण कर आणि कारण मराठीत दे. कारण वाचलं की पुढच्या वेळी ती खूण कमी होते.

‘असे अजून किती नियम’ याचं उत्तर मी देणार नाही, कारण प्रश्नच चुकीच्या दिशेने नेतो. तुम्हाला सगळ्या इंग्रजीशी काय करायचंय? तुम्हाला डिस्पॅचचे मेल लिहायचेत. तुमचा सेंट फोल्डर उघडा, गेल्या वर्षभराचे मेल चाळा. माझा अंदाज आहे, फिरून फिरून तीस-चाळीस वाक्यं असतील: माल निघाला, कागद जोडलेत, तारीख कळवा, उशिराबद्दल क्षमस्व. ती एका वहीत उतरवा आणि एकदाच कुणा जाणत्याकडून तपासून घ्या. क्लास लावायचा तर नंतर लावा, पण बोलण्याचा लावा, कारण टीम लीडर झालात की फोन येतील, आणि तिथे वही उघडायला वेळ नसतो.

जागा घ्यायची का? मला तुमच्या पत्रात नाही म्हणण्याचं दुसरं कारण सापडलं नाही. घरी अडचण नाही, पाळी बदलत नाही, पगार वाढतोय. कारण एकच, ‘मीट’ आणि ‘मीटिंग’. एका ‘इंग’साठी १४ वर्षांच्या अनुभवाची जागा सोडणं मला महाग वाटतं. आणि सोडलीत तर ती जागा कुणाला मिळेल, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मला वाटतं आपल्या दोघींनाही माहीत आहे.

नोव्हेंबरच्या भेटीचा मेल अजून गेलेला नाही म्हणालात. तो असा धाडा:

थँक यू फॉर कन्फर्मिंग द डेट्स. द पॅकिंग लिस्ट इज अटॅच्ड. प्लीज लेट मी नो इफ यू नीड अ कार फ्रॉम द एअरपोर्ट. वी लुक फॉरवर्ड टू सीइंग यू इन नाशिक.

खाली तुमचं पूर्ण नाव. आणि सीसीमध्ये ते अकराही जण असू द्या.